माणूस ओळखीचा, पण कागदाचं काय?

बायो, परवा फोनवर तू म्हणालीस, ‘आक्का, झेरॉक्सवाला आपल्याच गावचा आहे की गं, त्याला आधार पाठवायला काय भ्यायचं?’ तेव्हा गाडीत गर्दी होती, नीट बोलता आलं नाही. म्हणून आता सविस्तर सांगते. तुझं म्हणणं वावगं नाही. आपल्या धाराशिव जिल्ह्यात परंड्याला जा की उमरग्याला, नवख्या माणसाला पहिला प्रश्न असतो, ‘कुठल्या गावचे? कुणापैकी?’ ओळखपाळख निघाली, कुठंतरी सोयरीक जुळली की मग व्यवहार. या एका प्रश्नाने आपल्या आयाआज्यांना कितीतरी फसवणुकींतून वाचवलं आहे. पण मोबाईल, आधार आणि बँकेच्या कामात हाच प्रश्न अपुरा पडतो. तिथं आपण माणसाच्या हाती वस्तू देत नाही, कॉपी देतो. माणूस भला असला तरी कॉपी त्याच्यापाशी राहते, त्याच्या माघारी दुसऱ्याच्या हाती जाते, आणि तिला ना गाव असतं ना भावकी. म्हणून माणूस कोण आहे हे कळल्यावरही आणखी दोन गोष्टी मनाला विचारायच्या. मी दिलेलं हे उद्या बदलता किंवा परत घेता येईल का? आणि मी समोर नसताना हे कुणाला वापरता येईल का? माझं आजचं सगळं सांगणं या दोन प्रश्नांत बसतं.

आधी ते झेरॉक्सचं दुकानच बघू. तहसीलसमोरचं कुठलंही घे, कळंबचं, भूमचं, तुळजापूरचं. काचेवर ठळक आकड्यांत मोबाईल नंबर चिकटवलेला असतो, ‘प्रिंटसाठी व्हॉट्सॲप करा’. आत कॉम्प्युटरवर दुकानाचं व्हॉट्सॲप दिवसभर उघडं. डाव्या बाजूला सेव्ह न केलेल्या नंबरांची रांग, आणि एकेका नंबरात कुणाचं आधार, कुणाच्या पासबुकाचं पहिलं पान, कुणाचं रेशनकार्ड, कुणाच्या लेकीची टीसी. प्रिंटसाठी फाईल उतरवली की ती डाउनलोडच्या फोल्डरात जाते आणि तिथंच राहते. लाडकी बहीण, पीक विमा, शिष्यवृत्ती, जातीचा दाखला, एकेका योजनेची धांदल उडते आणि गावोगावच्या बायकांचे कागद त्या फोल्डरात साठत जातात. दुकानदाराच्या मनात पाप नसतं, त्याला ते पुसायची सवड नसते. पण उद्या काउंटरवरचा पोरगा बदलतो, कॉम्प्युटर दुरुस्तीला जातो, कधी जुना म्हणून विकलाही जातो.

त्या चार कागदांत तुझं नाव, जन्मतारीख, पत्ता, फोटो, सही आणि खाते क्रमांक, सगळं एकत्र असतं. तुझ्या नावाने दुसऱ्याला अर्ज भरायचा तर आणखी काय हवं? २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना सुरू झाली, तेव्हा सातारा जिल्ह्यातलं एक प्रकरण गाजलं. एकाच बाईचे वेगवेगळ्या पेहरावांतले फोटो लावून आणि दुसऱ्याच बायकांचे आधार क्रमांक टाकून पंचवीस-तीस अर्ज भरल्याचं उघडकीला आलं. कशावरून? पनवेलकडच्या एका बाईचा अर्ज ‘हे आधार आधीच वापरलं गेलंय’ म्हणून अडला, त्यावरून. तिने काही चुकीचं केलं नव्हतं. तिचा नंबर फक्त कुठंतरी पडून होता.

मग झेरॉक्सच काढायची नाही का? काढायची की. पण चार गोष्टी पाळायच्या. पहिली, आधारच्या साइटवरून मास्क्ड आधार उतरवून घ्यायचं. त्यात बारापैकी शेवटचे चारच आकडे दिसतात आणि बऱ्याच कामांना ते चालतं. दुसरी, जिथं पूर्ण आधार द्यावंच लागतं तिथं झेरॉक्सवर आडवं लिहायचं, ‘फक्त अमुक कामासाठी’, खाली तारीख आणि सही. ते लिहिणं फोटोवरून आणि अक्षरांवरून गेलं पाहिजे, कोपऱ्यातल्या कोऱ्या जागेत नको, नाहीतर कापून टाकता येतं. तिसरी, फाईल पाठवलीच तर प्रिंट झाल्यावर तिथंच उभं राहून म्हणायचं, ‘दादा, एवढी फाईल काढून टाका बघू, डाउनलोडमधलीपण.’ आपण आपल्या फोनवरून ‘सगळ्यांसाठी डिलीट’ केलं तरी त्याच्या फोल्डरात उतरलेली फाईल जात नाही, हे ध्यानात ठेव. चौथी, आधारचा फोटो आपल्याही गॅलरीत पडू द्यायचा नाही. झटपट कर्ज देणारी ॲप आधी गॅलरी आणि कॉन्टॅक्टची परवानगी मागतात आणि पुढे त्याच्याच जोरावर धमकावतात. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये कर्जाच्या ॲपना हे दोन्ही उघडायला मनाई केली, पण मनाई न जुमानणारेच तर आपल्याला गाठतात.

तुळजापूरला नवरात्रात, पौर्णिमेला मुक्काम पडला की लॉजवाला आधारची झेरॉक्स मागतो आणि ड्रॉवरात टाकतो. वर्षाअखेरीस तो गठ्ठा रद्दीत जातो. अशा झेरॉक्सच्या कागदात बांधलेली मुरमुऱ्यांची पुडी मी डोळ्यांनी पाहिली आहे, पुडीवर बाईचा फोटो आणि बारा आकडे स्वच्छ दिसत होते. तिथं मतदान ओळखपत्र पुढे कर, नाहीतर मास्क्ड आधार दे. ओळख पटवायची असते, सगळं आयुष्य उलगडून ठेवायचं नसतं.

तू म्हणशील, एवढं धोक्याचं असतं तर सरकारनेच सांगितलं नसतं का? सांगितलं होतं. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात रंजना सोनवणे यांच्या हाती दिलं गेलं. त्यानंतर बारा वर्षांनी, मे २०२२ मध्ये, आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने पत्रक काढलं की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, गैरवापर होऊ शकतो, मास्क्ड आधार वापरा. देशभर गोंधळ उडाला आणि दोनच दिवसांत, २९ मे ला, ते पत्रक मागे घेतलं गेलं. खुलासा असा आला की पत्रकाचा चुकीचा अर्थ काढला जाऊ शकतो, लोकांनी नेहमीचं तारतम्य बाळगावं. आता तूच बघ. ज्या व्यवहारात नेहमीचं तारतम्य चालत नाही, तिथं तेच बाळगायला सांगितलं. आपल्या आईचं तारतम्य काय कमी आहे? धान्याचा भाव, जनावराचे दात, माणसाची नजर, सगळं तिला कळतं. पण कॉम्प्युटरच्या फोल्डरात काय राहतं हे तिला कुणी दाखवलंच नाही तर तिने तारतम्य आणायचं कुठून? म्हणून हे आपणच एकमेकींना सांगायचं.

आता अंगठ्याचं ऐक. हे सगळ्यांत महत्त्वाचं आहे.

मिनी बँकेत आई अंगठा लावून पैसे काढते, तेव्हा मशीनला तीनच गोष्टी लागतात: बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि बोट. पिन नाही, ओटीपी नाही, कार्ड नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही गावातच पैसे मिळावेत म्हणून ही सोय केली आणि सोय खरंच मोठी आहे. हजार रुपये काढायला पूर्वी तालुक्याला जाऊन अख्खा दिवस मोडायचा. पण यात बोट हीच किल्ली झाली. किल्ली हरवली तर कुलूप बदलता येतं, बोट कुठलं बदलणार? काही राज्यांत जमिनीच्या खरेदीखतांवरचे अंगठ्यांचे ठसे उचलून, त्यांची रबरी बोटं करून लोकांच्या खात्यांतून पैसे काढल्याची प्रकरणं पोलिसांनी उघडकीला आणली आहेत. आणि रबरी बोट तरी कशाला? ऊस तोडून, सोयाबीन काढून बायकांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. ‘बोट लागेना मावशी, पुसा, परत लावा’ असं दोन-तीनदा होतं. त्यातलं कुठलं खरंच फसलं आणि कुठल्या वेळी पैसे निघाले, हे पावतीशिवाय कळायला मार्ग नाही.

म्हणून आईला तीन सवयी लाव. बोट लावण्याआधी मशीनच्या पडद्यावर रक्कम किती टाकली ते विचारायचं. दर खेपेला पावती मागायची, ‘झालं नाही’ म्हणाले तरी मागायची. आणि रेशनच्या, बँकेच्या कामाशिवाय कुणी सर्व्हेसाठी, फुकट सिमसाठी, भांड्यांच्या स्कीमसाठी अंगठा मागितला तर सरळ नाही म्हणायचं. याच्यापुढे एक उपाय आहे, तो बायोमेट्रिक लॉकचा. आधारच्या ॲपवर किंवा साइटवर बोटांना कुलूप लावता येतं. मग कुणाकडे ठसा असला तरी मशीन तो घेत नाही. एक अडचण आहे, ती लपवत नाही. कुलूप लागलं की रेशन दुकानातही बोट चालत नाही. रेशनच्या दिवशी ते तात्पुरतं उघडायचं, ते थोड्या वेळाने आपोआप परत लागतं. ज्या घरात हे करणारं कुणी असेल तिथं जरूर करावं. जिथं कुणी नसेल तिथं मोठी रक्कम अंगठ्याच्या खात्यात ठेवू नये, वेगळ्या खात्यात ठेवावी.

आता एक नाजूक गोष्ट. रागावू नकोस. तुझ्या खात्याला मोबाईल नंबर कुणाचा जोडलाय? भावजींचा, मला माहीत आहे. खातं उघडलं तेव्हा तुझ्याकडे फोन नव्हता, घरात एकच मोबाईल होता, त्यामुळे त्यांचा दिला. भावजी लाखात एक आहेत. पण ओटीपी त्यांच्या फोनवर येतो, पैसे आल्याचा मेसेज त्यांना जातो, आधारचा ओटीपीही तिकडेच. म्हणजे पासबुकावर नाव तुझं असलं तरी दार उघडणारा दुसरा आहे. उद्या ते पुण्याला कामाला गेले, फोन हरवला, नंबर बदलला, की तुझं काम अडलंच. कित्येक बायकांचा नंबर तर सेतूवाल्याचाच टाकलेला असतो, कारण फॉर्म भरताना ओटीपी लागला आणि बाईपाशी फोन नव्हता. एका पोराच्या फोनवर आख्ख्या गल्लीचे ओटीपी! त्या पोराला हे ओझं नको असतं, आणि आपल्यालाही त्याचा धोका नको. आधार केंद्रात जाऊन अंगठा आणि फी देऊन नंबर बदलून मिळतो, बँकेत अर्ज देऊन खात्याचा. हे झालं की मास्क्ड आधार, बोटांचं कुलूप, सगळं तुझं तुला करता येतं, कारण ते सगळं त्या नंबरावरच्या ओटीपीनेच उघडतं.

नंबरावरून दुसरी गोष्ट. आपली पोरं रिचार्ज संपला की नवं सिम घेतात. नव्यावर ऑफर असते, जुनं पडून राहतं. वाशी-कळंबकडची माणसं ऊसतोडीला गेली की चार-सहा महिने गावाकडचं सिम बंदच. आपल्याला वाटतं, नंबर आपला तो आपलाच. तसं नसतं. बंद पडलेला नंबर कंपनी किमान नव्वद दिवस थांबून दुसऱ्या गिऱ्हाइकाला देऊन टाकते. नोव्हेंबर २०२३ मध्ये हा विषय सर्वोच्च न्यायालयातही गेला होता. तिथंही हेच ठरलं की जुन्या नंबरावरचा आपला डेटा पुसायची काळजी ज्याची त्याने घ्यायची. म्हणजे सिम टाकून देण्याआधी बँक, आधार, गॅस, व्हॉट्सॲप सगळीकडून तो नंबर काढायचा, नाहीतर सगळ्यांत स्वस्त रिचार्ज मारून तो चालू ठेवायचा. आणि हे करतेसच तर सरकारच्या संचार साथी साइटवर आपल्या नावावर किती सिम आहेत तेही बघ. एखादं अनोळखी निघालं तर तिथल्या तिथं ‘हा नंबर माझा नाही’ म्हणून नोंदवता येतं.

आता पासवर्ड. शाळेत, ट्रेनिंगमध्ये सगळीकडे शिकवलं, पासवर्ड कुठं लिहायचा नाही, दर तीन महिन्यांनी बदलायचा, त्यात एक आकडा, एक चिन्ह घालायचं. मग आपण काय करतो? लेकराचं नाव, पुढे १२३, आणि तोच सगळीकडे. यातले बदलायचे आणि चिन्हांचे नियम ज्यांनी लिहिले ते अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेतले बिल बर. २००३ मध्ये त्यांनी ती नियमावली केली आणि जगभर सगळ्यांनी उचलली. २०१७ मध्ये, निवृत्तीनंतर, त्यांनीच कबूल केलं की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पस्तावा होतो. त्याच वर्षी त्या संस्थेने नियम बदलले. कारण नसताना सारखं बदलायला लावू नका, चिन्हांच्या कसरतीपेक्षा लांबी मोठी ठेवा, असं आता सांगतात. म्हणून तू एकमेकांशी संबंध नसलेले चार साधे शब्द जोडून पासवर्ड कर. खवा, रिक्षा, बारव, आभाळ असं काहीतरी, पण हेच घेऊ नकोस, तुझे तू शोध. दर ठिकाणी वेगळा कर आणि चक्क वहीत लिहून ठेव. हो, वहीत. झारखंडात किंवा कंबोडियात बसलेल्या चोराला तुझ्या कपाटातली वही दिसत नाही. त्याला सोपा आणि सगळीकडे वापरलेला पासवर्ड मात्र बसल्या जागी कळतो. एटीएमचा पिन तेवढा कार्डाच्या पाकिटावर किंवा फोनच्या कव्हरात लिहू नकोस, कारण चोरी होते तेव्हा दोन्ही बरोबर जातात.

आणि हितगुज आहे म्हणून हेही बोलते. काही घरांत बाईला जपायचं असतं ते बाहेरच्यापासून नाही, घरातल्यापासून. पगार काढून घेणारा नवरा असतो, फोन तपासणारा दीर असतो. तिथं कपाटातली वही उपयोगाची नाही. अशा बाईने वही माहेरी ठेवावी, बहिणीपाशी ठेवावी, किंवा तोंडपाठ करावी. तुझ्या ओळखीत कुणी अशी असेल तर तिला ‘वही कर’ एवढंच सांगून थांबू नकोस. आधी विचार, ‘तुला कुणापासून जपायचंय?’ उत्तराप्रमाणे उपाय बदलतो.

याच ओघात आईच्या नावाची गोष्ट. बँका, साइट्स विसरलेल्या पासवर्डसाठी गुपित प्रश्न विचारतात, आईचं नाव काय? इकडे आपल्या राज्यात दहावीचा निकाल ऑनलाइन बघायला बैठक क्रमांक आणि आईचं नावच टाकावं लागतं. लातूर मंडळातल्या आपल्या प्रत्येक पोराच्या आईचं नाव आख्ख्या वर्गाला ठाऊक असतं. शिवाय १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या बाळाचं नाव सरकारी कागदांवर कसं येतं? आधी त्याचं स्वतःचं, मग आईचं, मग वडिलांचं, शेवटी आडनाव. हा निर्णय मला मनापासून आवडला. नऊ महिने पोटात वागवणाऱ्या बाईचं नाव कागदावर यायलाच हवं होतं. पण जे नाव मानाने सगळीकडे लिहायचं ते गुपित कसं राहणार? म्हणून गुपित प्रश्नाला खरं उत्तर देऊच नकोस. आईचं नाव विचारलं की भलताच शब्द टाक आणि वहीत लिहून ठेव. खोटं बोलू नये हा आपला संस्कार आहे, आणि माणसांशी तो पाळायचाच. पण कुलपाला खरं सांगायची सक्ती नाही.

कागद जपायचे कुठं, याचंही जुनं गणित तपासून बघ. महत्त्वाचे कागद लोखंडी पेटीत, पेटी देवघराशेजारी, हे आपल्याकडे ठरलेलं. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा किल्लारीबरोबर आपल्या लोहारा भागातलं सास्तूरही जमीनदोस्त झालं. दगडमातीच्या जाड भिंती माणसांवर कोसळल्या आणि ज्यांचं घर गेलं त्यांचे कागदही त्याच ढिगाऱ्यात गेले. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत परंडा-भूमकडे घराघरांत पाणी शिरलं, तेव्हाही भिजलेली पासबुकं, चिकटलेली गुणपत्रकं वाळत घालायची वेळ आली. अशा वेळी डिजिलॉकर कामाला येतं. २०१५ पासून ही सरकारी सोय आहे. त्यात थेट खात्याकडून आलेलं आधार, दहावी-बारावीचं गुणपत्रक, गाडीचं लायसन हे कायद्याने मूळ कागदाच्या बरोबरीचं धरलं जातं. गॅलरीत फोटो ठेवणं वेगळं आणि डिजिलॉकरमध्ये असणं वेगळं. पेटी ठेवच, पण पेटीवरच विसंबू नकोस.

जुना फोनही भंगार समजू नकोस. ‘जुने, बंद मोबाईल द्या, टब-बादल्या घ्या’ म्हणत गल्लीत फिरणारे येतात. २०२४ मध्ये तेलंगणात रामगुंडम पोलिसांनी असे खेड्यांतून गोळा केलेले हजारो फोन पकडले, ते सायबर गुन्हेगारांकडे जाणार होते. बंद पडलेल्या फोनच्या पोटातही फोटो, नंबर, मेसेज शाबूत असू शकतात. फोन चालू असेल तर सिम आणि मेमरी कार्ड काढून फॅक्टरी रीसेट कर. चालूच होत नसेल तर घरात पडू दे, टबाची किंमत तेवढी नाही. दुरुस्तीला देतानाही पॅटर्न सांगायची गरज नसते. काच, बॅटरी पॅटर्नशिवाय बदलता येते. जमलं तर समोर बसून करून घे.

फसव्या फोन-मेसेजबद्दल तुला बरंचसं ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. पैसे यायला पिन लागत नाही, पिन मागितला की पैसे जाणार आहेत असं समज. ओटीपी आला की आकडा वाचण्याआधी त्याच्याशेजारचं वाक्य वाच, तो कशासाठी आहे ते त्यातच लिहिलेलं असतं. बचत गटाच्या मीटिंगला साहेबांनी फोन मागितला तरी तो आपल्याच हातात ठेवून आपणच वाचायचा. पोलीस व्हिडिओ कॉलवर कुणाला अटक करत नाहीत. ‘डिजिटल अरेस्ट’ अशी कायद्यात काही गोष्टच नाही, हे पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये सांगितलं होतं. आणि एक जास्त जपून. ‘पीएम किसान’, ‘आरटीओ चलान’, ‘लग्नपत्रिका’ अशा नावाने फाईल येते आणि नावाच्या शेवटी एपीके असतं. ती बहुतेकदा ओळखीच्याच नंबरावरून येते, कारण त्याच्या फोनमध्ये ती घुसलेली असते आणि त्याच्या नकळत पुढे सगळ्यांना जाते. ती उघडली की आपले मेसेज, ओटीपी परक्याला वाचता येतात. मामाच्या नंबरावरून आली म्हणून मामाने पाठवली असं नाही. आधी मामाला फोन लाव.

आणि एवढं सांभाळूनही कधी काही घडलंच, तर लाज धरून गप्प बसू नकोस. फसलेली बाई पहिल्यांदा काय करते? मेसेज पुसते, कॉल पुसते, ॲप काढून टाकते, घरी कळू नये म्हणून. करायचं याच्या नेमकं उलटं. सगळं जसंच्या तसं राहू दे, स्क्रीनशॉट काढ, लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकाला फोन लाव आणि बँकेला कळव. जितकं लवकर कळेल तितके पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या नियमाप्रमाणे, चूक तुझी नसताना आणि बँकेचीही नसताना पैसे गेले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तोटा तुझ्या माथी येत नाही. ओटीपी आपणच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचा तोटा आपला, पण कळवल्यानंतरचा नाही. म्हणून तिथंही घाई करायचीच. फोटोवरून कुणी धमकावलं तरी पैसे देऊन ते थांबत नाही, वाढतं. सरकारच्या सायबर क्राइम साइटवर बायका-मुलांच्या बाबतीतली तक्रार नाव न सांगताही करता येते. आणि मला तर रात्री दोनलाही फोन कर. मी आधी ‘कशाला केलंस’ असं विचारणार नाही.

आता खरं अवघड काय आहे ते बोलू. हे सगळं कळतं, पण समोरच्याला ‘नाही’ म्हणवत नाही. गावचा पोरगा काय म्हणेल, गटाच्या साहेबांना राग येईल, नणंद म्हणेल फार शहाणी झाली. संशय घेतला असं वाटू नये म्हणून आपण अंगठाही देतो, फोनही देतो. तर एक कर. माणसावर आणू नकोस, नियमावर आण. ‘दादा, तुमच्यावर भरवसा आहे, पण आमच्यात ओटीपी कुणालाच सांगायचा नाही असं ठरलंय.’ ‘आमच्या आक्काने सांगितलंय, फाईल पुसून घ्यायची.’ माझं नाव खुशाल घे. शहाण्या माणसाला याचा राग येत नाही. ज्याला येतो, त्याच्याकडे कागद गेलाच नाही ते बरं. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमताने सांगितलंय की खासगीपण हा प्रत्येकाचा मूलभूत अधिकार आहे. तहसीलसमोरच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईचाही तो तितकाच आहे, आणि तो वापरायला कुणाची परवानगी लागत नाही.

तर या आठवड्यात एवढं कर. आधी आधार केंद्रात आणि बँकेत तुझा नंबर तुझ्या नावाने लाव, कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे. मग मास्क्ड आधार उतरव, डिजिलॉकर उघड, बोटांना कुलूप लाव. मग वही कर. आईचंही आपणच करून देऊ. तिच्या खात्याला नंबर तुझा नको, माझा नको, दादाचाही नको. तिला बटणांचा साधा फोन घेऊ, त्यात एपीकेची फाईल शिरत नाही आणि बँकेचा मेसेज तेवढा येतो. निम्मे पैसे मी घालते, निम्मे तू घाल. पहिला मेसेज तिचा तिनेच वाचायचा. अडली तर शेजारी बसून अक्षर लावून दे, पण फोन तिच्याच हातात राहू दे.